‘शाश्वत हिम’ : एका विशेषणाची तपासणी

आपल्या मंडळाच्या मासिक बैठकीत, परगावी वा परदेशी जाऊन आलेल्या सभासदाने आपले प्रवासटिपण वाचून दाखवावे, ही प्रथा निदान दोन पिढ्यांची आहे. पूर्वी ही टिपणे काशीयात्रेची, बदरीकेदाराची, क्वचित रामेश्वराची असत. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत ती अमेरिका-युरोपची झाली, कारण इंदूरच्या आपल्या घराघरांतील मुले तिकडे गेली आणि आईवडिलांना महिन्या-दोन महिन्यांसाठी बोलावू लागली. सन २०२४ च्या जानेवारीत असे एक टिपण प्रस्तुत लेखकानेही वाचले. विषय होता आइसलँडच्या दक्षिण किनाऱ्यावरील एका दिवसाची सहल : दोन धबधबे, एक हिमनदी आणि काळ्या वाळूचा समुद्रकिनारा. टिपण श्रोत्यांना आवडले. ‘आपणच तेथे जाऊन आल्यासारखे वाटले’, असे एका ज्येष्ठ भगिनींनी म्हटले आणि मी ती प्रशंसा नम्रपणे स्वीकारली.

मराठी प्रवासवर्णनावर या अंकासाठी लेख लिहावयाचा ठरल्यावर इतरांची पुस्तके काढण्याआधी आपलेच टिपण काढून वाचावे, असे मनात आले. दुसऱ्याच्या लेखनातील दोष दाखविताना समीक्षकाला जो एक सात्त्विक आनंद होतो, त्याला येथे वाव राहत नाही, ही एक सोय. टिपण पाच पानांचे आहे. त्यात ‘शाश्वत’ हा शब्द तीनदा, ‘चिरंतन’ दोनदा, ‘अनादि-अनंत’ एकदा आणि ‘निश्चल’ एकदा आला आहे. ही सारी विशेषणे ज्या वस्तूला लावली आहेत ती शाश्वत नाही, चिरंतन नाही, आणि निश्चल तर ती आपल्या व्याख्येनेच असू शकत नाही. शैली सैल पडली एवढे म्हणून हा दोष सोडून देता येत नाही. ती वस्तुस्थितीची चूक आहे, आणि ती करणारा मी एकटा नाही.

प्रथम सहलीविषयी. सप्टेंबर २०२३ मधील एका ढगाळ सकाळी कन्येने आम्हा उभयतांना रेक्याविक येथे एका लहान बसमध्ये बसवून दिले. तेथून देशाला वळसा घालणाऱ्या पहिल्या क्रमांकाच्या रस्त्याने पूर्वेकडे वीक या गावापर्यंत जावयाचे आणि रात्री परत यावयाचे. जाण्याचेच अंतर सुमारे एकशेऐंशी किलोमीटर. बस चालविणारा गृहस्थच मार्गदर्शक होता. पन्नाशीचा, कमी हसणारा, आणि ध्वनिक्षेपकात हळू आवाजात बोलणारा. त्याने आरंभीच आम्हांला तीन शब्द शिकविले : फॉस म्हणजे धबधबा, योकुल म्हणजे हिमनदी, फ्यारा म्हणजे समुद्राचा काठ. एवढे तीन शब्द कळले की दिवसभराच्या पाट्या वाचता येतात, असे तो म्हणाला, आणि ते खरे ठरले. सेल्यालांड्सफॉस, स्कोगाफॉस, सोल्हेइमायोकुल, रेइनिस्फ्यारा. चार थांबे, चार पाट्या.

अशा सहलीला मी एक वाङ्मयप्रकार मानतो, आणि हे विनोदाने म्हणत नाही. तिला ठरलेला आरंभ आहे, ठरलेली स्थळे आहेत, प्रत्येक स्थळी उद्गारासाठी राखून ठेवलेला वेळ आहे. पण या प्रकाराचा एक विशेष मला त्या वेळी जाणवला नाही, तो टिपण पुन्हा वाचताना जाणवला. आमचा मार्गदर्शक थांब्यांवर जवळजवळ गप्प असे. ‘चाळीस मिनिटे, निसरडे आहे, सांभाळा’, एवढेच. त्याचे बोलणे सारे दोन थांब्यांच्या मधले, खिडकीबाहेर शेते, मेंढ्या आणि पाऊस यांखेरीज काही दिसत नसताना. माझ्या टिपणात नेमके उलटे आहे. त्यात चार थांब्यांना चार पाने आहेत आणि मधल्या रस्त्याला दोन ओळी. मराठीत अलीकडे प्रसिद्ध होणारी बरीच प्रवासवर्णने अशीच रचलेली असतात : थांबा, उद्गार, छायाचित्र, पुढचा थांबा. बसचे वेळापत्रकच त्यांची संहिता झालेले असते.

मधल्या रस्त्यात काय होते? ह्वोल्सवोलुर नावाचे एक छोटे गाव मागे टाकताना मार्गदर्शकाने डावीकडे हात केला. दूर एक लांबट हिरवी उतरण दिसत होती. तिचे नाव फ्ल्योत्सह्लीद. तेराव्या शतकात लिहिलेल्या ‘न्यालची सागा’ या ग्रंथातला गुन्नार नावाचा वीर तेथे राहत असे. त्याला तीन वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा झाली होती. देश सोडला तर जीव वाचेल, राहिला तर वैऱ्यांना त्याला मारण्याची मोकळीक. गुन्नार भावासह जहाजाकडे निघाला. वाटेत घोडा ठेचकाळला, गुन्नार खाली उतरला आणि त्याने मागे वळून आपल्या घराकडची उतरण पाहिली. पिकलेले शेत, नुकतेच कापलेले गवत. ती त्याला पूर्वी कधी वाटली नव्हती इतकी सुंदर वाटली, आणि तो परत फिरला. भाऊ जहाजावर चढून गेला. गुन्नार पुढे घरीच मारला गेला.

हे सारे दोन मिनिटांत सांगून झाले आणि बस पुढे गेली. मीही विसरलो. आता वाचतो तेव्हा वाटते, त्या दिवशी पाहिलेल्या-ऐकलेल्या साऱ्यांत साहित्य म्हणावे असे हे एकच होते. आइसलँडच्या जुन्या सागांमध्ये निसर्गवर्णन जवळजवळ नसते. माणसे काय बोलली, कोणी कोणाला मारले, कोणाचा वारसा कोणाकडे गेला, हे त्यांचे विषय. जेथे डोळ्यांपुढे हिमनद्या आणि ज्वालामुखी आहेत अशा देशाच्या लेखकांनी त्यांच्याविषयी एवढे मौन पाळावे, याचे नवल वाटते. म्हणूनच जेथे एक माणूस क्षणभर थांबून भूमीकडे पाहतो, ती जागा त्या साऱ्या वाङ्मयात उठून दिसते. गुन्नार पाहतो ते कसे पाहतो, तेही लक्षात घ्यावे. तो पर्वताच्या भव्यतेविषयी बोलत नाही. पिकलेले शेत आणि कापलेले गवत म्हणजे उन्हाळ्याच्या अखेरीचा एक विशिष्ट आठवडा. त्याच्या पाहण्याला तारीख आहे. आणि त्या पाहण्याची किंमत तो स्वतः मोजतो.

याच प्रसंगावर योनास हाल्ग्रिम्सन या कवीची ‘गुन्नार्सहोल्मी’ ही कविता १८३८ साली प्रसिद्ध झाली. योनास निसर्गशास्त्रज्ञही होता. त्याच्या काळापर्यंत हिमनदीच्या पाण्याने आणि वाळूने त्या परिसरातील बरीच हिरवळ गिळली होती. गुन्नार ज्या बेटावजा तुकड्यावरून मागे वळला असे मानतात, तो मात्र हिरवा उरला होता. कवीने हे दोन्ही पाहिले, उरलेले आणि गेलेले. त्या देशातील निसर्गकाव्याच्या मुळाशीच ही जाणीव आहे की भूमी बदलते.

येथे वाचक म्हणेल की एका दिवसाच्या सहलीला गेलेल्या वृद्ध जोडप्याकडून गुन्नारच्या दृष्टीची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. मला तसे वाटत नाही. थोडक्या वेळात पाहिले म्हणून लेखन उथळ झाले, हा आपल्याकडील समीक्षेचा आवडता आरोप आहे. ‘स्थलदर्शन करून लिहिलेली पुस्तके’ असे हेटाळणीने म्हटले जाते. पण गुन्नारचे पाहणे तर क्षणाचेच होते. वेळ अपुरा असणे हा दोष मानला तर जगातील निम्मे प्रवासवाङ्मय रद्द करावे लागेल. दोष असा की एका दिवसात पाहिलेल्या गोष्टीविषयी आपण अनंतकाळाच्या भाषेत बोलतो. एक दिवस पाहिले, तर त्या एका दिवसाचे लिहावे.

धबधब्यांविषयी फार लिहीत नाही. सेल्यालांड्सफॉस साठ मीटरांच्या आसपास उंच आहे आणि त्याच्या मागून वाट आहे, पाण्याच्या पडद्याआडून जग पाहता येते. स्कोगाफॉस तेवढाच उंच, पण रुंद आणि भरदार. माझ्या टिपणातील या दोहोंचे वर्णन भेडाघाटालाही लागू पडेल आणि पातालपाणीलाही. त्यावरून त्याची योग्यता कळते.

स्कोगाफॉसच्या मागे थ्रासी नावाच्या आद्य वसाहतकाराने सोन्याची पेटी लपविली, अशी दंतकथा आहे. ती ओढून काढताना तिची एक कडी तेवढी हाती आली म्हणतात, आणि ती कडी जवळच्या संग्रहालयात ठेवली आहे. ही गोष्ट मी टिपणात घेतली होती, कारण सोने आणि पेटी. याच थ्रासीची दुसरी गोष्ट मार्गदर्शकाने स्कोगार आणि सोल्हेइमार यांच्या मधल्या काळ्या, ओसाड वाळवंटातून जाताना सांगितली, ती मी घेतली नाही. थ्रासी आणि त्याचा शेजारी लोदमुंदुर हे दोघेही मंत्रविद्या जाणणारे. हिमनदीतून एकदा मोठा पूर सुटला. थ्रासीने तो मंत्राने लोदमुंदुरच्या जमिनीकडे वळविला, लोदमुंदुरने तो परत थ्रासीकडे ढकलला. असे पाणी एकमेकांवर लोटता लोटता मधला सारा मुलूख वाळूने भरून गेला. अखेर दोघांनी समेट केला की नदीने मधून, समुद्राला सर्वांत जवळची वाट धरून जावे.

ही कथा ‘लान्दनामाबोक’ या जुन्या ग्रंथात आहे. नावाचा अर्थ भूमी वसविल्याची बखर असा घ्यावा. समुद्रापलीकडून येऊन त्या ओसाड बेटावर वसलेल्या सुमारे चारशे मूळ पुरुषांची आणि स्त्रियांची, त्यांच्या जमिनींची, वंशजांची आणि भांडणांची ही नोंद. आपल्याकडे घराण्यांचे कुलवृत्तान्त आहेत, मूळ पुरुष कोणत्या सरदाराबरोबर नर्मदा ओलांडून आला, त्याला कोणते गाव इनाम मिळाले, याच्या नोंदी आहेत. त्यामुळे तो ग्रंथ आपल्या वाचकांना परका वाटू नये. फरक एवढाच की त्यांच्या वृत्तान्तात भूमी ही मुकी मिळकत नाही. ती हलते, वाहून जाते, भांडणात भाग घेते. आइसलँडमध्ये हिमाखाली ज्वालामुखी आहेत. हिमाखाली अग्नी जागा झाला की वितळलेले पाणी एकाएकी फुटून बाहेर पडते. या पुराला त्यांच्या भाषेत ‘योकुल्हलौप’ म्हणतात आणि भूगर्भशास्त्राने तोच शब्द जगभर उचलला आहे. सन १९१८ च्या ऑक्टोबरमध्ये कात्ला ज्वालामुखीचा उद्रेक झाला तेव्हा अशा पुराने इतका गाळ आणला की तेथील किनारा समुद्रात पुढे सरकला. मी ज्याला टिपणात ‘नीरस काळे माळरान’ म्हटले, ते माळरान म्हणजे हिम आणि अग्नी यांच्या भांडणाचा दप्तरखानाच होता.

आता सोल्हेइमायोकुल. नावात सूर्य आहे, ‘सोल’ म्हणजे सूर्य. मिर्दल्सयोकुल या मोठ्या हिमाच्छादनातून खाली उतरलेली ही एक जीभ. बस थांबते तेथून दगडगोट्यांतून पंधरा-वीस मिनिटे चालत गेले की एक राखाडी तळे लागते आणि तळ्यापलीकडे हिमनदीचे टोक. ते पांढरे नव्हते. काळे पट्टे, मळकट निळा, मध्येच धारदार भेगा. काळे पट्टे ज्वालामुखीच्या राखेचे. कुटुंबाने हळूच म्हटले, “अहो, हे किती मळलंय.” आम्ही दोघेही क्षणभर निराश झालो, ही खरी गोष्ट आहे. टिपणात मात्र ‘शुभ्रधवल शाश्वत हिमराशी’ अशी शब्दयोजना आहे. निराशा लिहिली असती तर टिपण निदान खरे झाले असते.

‘हिमनदी’ हा शब्द मराठीत शास्त्रीय परिभाषेतून रुळला आणि तो अतिशय चांगला शब्द आहे. हिम साठते, आपल्याच भाराने दाबले जाऊन त्याचे निळसर कठीण बर्फ होते, आणि पुरेशी जाडी आली की ते उताराने वाहू लागते. वाहते ते हिम म्हणजे हिमनदी. पुरेशी जाडी उरली नाही आणि वाहणे थांबले की शास्त्रज्ञ तिला हिमनदी म्हणत नाहीत, ती नुसते पडलेले बर्फ ठरते. म्हणजे ‘निश्चल हिमनदी’ हा शब्दप्रयोग ‘मृत सजीव’ यासारखा आहे. आपल्या भाषेने नामातच ‘नदी’ घालून आम्हांला सावध केले होते, तरी आम्ही विशेषण कोशातून उचलले आणि नाम वाचलेच नाही. ‘अचल’ आणि ‘नग’, म्हणजे न हलणारा, हे पर्वताचे जुने पर्याय संस्कृतातून आपल्या कानांत बसलेले आहेत. पर्वत म्हटला की अचलत्व आपोआप येते आणि पर्वतावर हिम म्हटले की शाश्वती. हिमालयावरील आपले लेखन या सवयीने भरलेले आहे.

सोल्हेइमायोकुलच्या टोकाची मोजणी १९३० पासून होत आली आहे. ती प्रथम मागे गेली, मध्यंतरी काही दशके पुन्हा पुढे सरकली आणि १९९० च्या दशकाच्या मध्यापासून सतत मागे जात आहे. हे पुढे-मागे जाणे ध्यानात ठेवावे, नाहीतर ‘शाश्वत’ खोडून आपण लगेच ‘अस्तंगत’ लिहू आणि तेही तितक्याच आळसाने. ह्वोल्सवोलुरच्या शाळेतील मुले २०१० पासून दर वर्षी शरद ऋतूत तेथे जाऊन हिमनदी किती मागे गेली ते स्वतः मोजतात. पूर्वी जेथे बर्फ होते तेथे आता खोल तळे झाल्यामुळे त्यांना मोजणीसाठी नावेतून जावे लागते. त्यांनी मोजलेले आकडे लिहिलेला एक साधा फलक वाटेवर आहे. मार्गदर्शकाने तो दाखविला. बारा-तेरा वर्षांची मुले हे काम करतात, असे सांगताना तो एकदाच किंचित हसला, अभिमानाने असावे.

यानंतर रेइनिस्फ्यारा. काळी वाळू, मागे षट्कोनी खांबांचा कडा, समोर समुद्रात उभे सुळके. रात्री तीन शिडांचे जहाज किनाऱ्याकडे ओढीत असता दोन राक्षसांना पहाट गाठते आणि त्यांचे दगड होतात, ते हे सुळके. खांब मात्र राक्षसांचे नाहीत. लाव्हा थंड होताना आकसतो आणि तडकतो, त्यातून असे कोन निघतात. असेच खांब मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट टेकडीत आहेत. आपण माळव्यात ज्या काळ्या मातीवर राहतो तीही अशाच लाव्ह्याच्या दगडाची झीज होऊन बनली आहे. आपला दगड सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा, त्यांचा त्या मानाने कालचा. हे मला तेथे सुचले असते तर टिपणात एक तरी आपला म्हणावा असा परिच्छेद आला असता. सुचले घरी आल्यावर, पाटणीपुऱ्याकडे कोणाच्या तरी घराचा पाया खणलेला पाहताना.

या किनाऱ्याची लाट फसवी असते. चार-सहा लाटा बेताच्या येतात आणि सातवी एकाएकी कितीतरी वर येऊन माणसाचे पाय ओढते. अनेक माणसे तेथे दगावली आहेत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये एका लहान मुलीचा मृत्यू झाला. मार्गदर्शक दिवसभरात येथेच काय तो आवाज चढवून बोलला : पाण्याकडे पाठ करू नका, ओल्या वाळूवर जाऊ नका. आम्ही पाण्यापासून पुष्कळ दूर, कोरड्या खडीवर उभे होतो. माझ्या टिपणात लिहिले आहे की ‘फेसाळ लाटा आमच्या चरणांना स्पर्श करीत होत्या’. तसे झाले असते तर टिपण लिहिले गेले नसते.

हे असे का होते, याचे उत्तर मला आपल्या प्रवासवर्णनाच्या परंपरेत शोधावेसे वाटते. आपल्या भाषेतील पहिल्या मोठ्या प्रवासग्रंथात हा दोष नाही. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ इंदूर-ग्वाल्हेरच्या वाचकाला सांगावयास नको. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक, बायजाबाई शिंदे यज्ञ करणार आहेत ही वार्ता ऐकून दक्षिणेच्या आशेने १८५७ साली निघाला, महूजवळ बंडात सापडला, झाशीच्या वेढ्यात अडकला, मिळविलेले द्रव्य लुटले गेले, आणि अखेर गंगेच्या पाण्याची कावड घेऊन घरी परतला. पुस्तक त्याने १८८३ च्या सुमारास लिहिले आणि चिंतामणराव वैद्यांनी ते १९०७ साली प्रसिद्ध केले. गोडसे भटजींना निसर्गाच्या भव्यतेचे वेड नाही. कोणत्या गावी किती दक्षिणा मिळाली, पाणी कोठे होते, भीती कशी वाटली, हे ते सांगतात. त्यांच्या प्रत्येक पानाला तारीख आहे, कधी लिहिलेली, कधी न लिहिलेली. शिवाय, त्यांनी हिमनदीचे पाणी कोकणापर्यंत खांद्यावर वाहून आणले आणि त्याने आईवडिलांना स्नान घातले. गंगेला शाश्वत म्हणण्याचा अधिकार असलाच तर तो त्यांना होता, कारण त्यांना तिचे वजन ठाऊक होते.

पुढे विसाव्या शतकात प्रवासवर्णन ललित झाले आणि त्याचा लाभही झाला. पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’त पाहणारा स्वतःच विनोदाचा विषय होतो, त्यामुळे पाहिलेल्या वस्तूवर खोटी भव्यता लादली जात नाही. पण त्यांच्यामागून आलेल्यांनी, ज्यांत मी आलो, विनोद घेतला, स्वतःकडे पाहणे सोडले, आणि भव्यतेसाठी जुनी संस्कृत विशेषणे परत आणली. हे मिश्रण मला आता पचत नाही.

आइसलँडच्या लेखकांना ही अडचण अधिक तीव्रपणे पडली आहे, कारण त्यांच्या देशाचा सुमारे दशांश भाग हिमाखाली आहे. आंद्री स्नाइर माग्नासोन या लेखकाने २०१९ साली ‘काळ आणि पाणी यांविषयी’ अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याचा आरंभीचा प्रश्न भाषेचाच आहे : हवामानबदलाविषयीचे शब्द इतके मोठे आहेत की ते कानावर आदळतात आणि अर्थ न पोहोचविता विरून जातात, मग लिहावे कसे? त्याचे उत्तर मोठी विशेषणे शोधण्याचे नाही. तो आपल्या आजी-आजोबांकडे जातो. ते १९५६ साली वात्नायोकुल या प्रचंड हिमाच्छादनाच्या मोजणीमोहिमेवर गेले होते आणि तोच त्यांचा मधुचंद्र होता. मग तो लहान मुलीला हिशेब करावयास लावतो. पणजी जन्मली १९२४ मध्ये. मुलगी तिच्याएवढी म्हातारी होईल तेव्हा तिच्याही मांडीवर पणती असेल. ती पणती म्हातारी होईल ते साल २१८६. म्हणजे २६२ वर्षे, आणि एवढ्या काळाला एक मुलगी आपल्या दोन हातांनी स्पर्श करू शकते. तेवढीच वर्षे मागे मोजली तर आपण मल्हारराव होळकरांच्या अखेरच्या दिवसांपाशी, पानिपताच्या जखमा ओल्या असताना पोहोचतो. आपल्यापैकी कित्येक घराणी तेव्हा माळव्यात आलेली होती. हा काळ आम्ही देवघरात आणि दप्तरात जपून ठेवतो, तो फार लांबचा आहे असे आपल्याला वाटत नाही. पुढची तेवढीच वर्षे मात्र ‘अनंतकाळ’ या एका शब्दात घालून मोकळे होतो.

याच लेखकाने २०१९ च्या ऑगस्टमध्ये ओक या हिमनदीसाठी मजकूर लिहिला. ती वाहण्याइतकी जाड उरली नाही म्हणून २०१४ साली ती मृत ठरविण्यात आली होती. तेथे बसविलेल्या धातूच्या पाटीवरील मजकूर भावी वाचकाला उद्देशून आहे : पुढच्या दोनशे वर्षांत इतरही हिमनद्या याच वाटेने जातील अशी अपेक्षा आहे, काय घडत आहे आणि काय केले पाहिजे हे आम्हांला ठाऊक आहे, ते आम्ही केले की नाही हे तुम्हीच जाणाल, अशा आशयाचा. खाली महिना, साल आणि त्या वेळचे हवेतील कर्बवायूचे प्रमाण. शिलालेख म्हणून मी त्याला उत्तम मानतो. आपले जुने शिलालेख ‘आचंद्रार्क’ म्हणतात, चंद्रसूर्य असेतो दान चालावे. हा लेख आपल्याच शंकेसह तारीख घालून उभा राहतो. त्यात एक धोकाही आहे. शोकाची ही भाषा लवकरच सहलीच्या जाहिरातीत शिरते : जाण्यापूर्वी पाहून घ्या. आणि मग लेखक ‘शाश्वत’च्या जागी ‘अखेरचे दर्शन’ लिहून पुन्हा निवांत होतो. मूळ पुस्तकात हा धोका कमी आहे, कारण त्यात आजीचे बर्फातले सामान आहे. हिमालयाची हिमे, गोमुख आणि त्यांच्या पुराणातील औधुम्ला ही हिमातून प्रकटलेली आदिगाय यांची जी सांगड तो घालतो, ती मला काहीशी ओढूनताणून वाटली, तरी ती वाचून आपला वाचक थबकेल एवढे खरे.

असो. टिपण दुरुस्त करावे म्हणून मी बसलो. सातही विशेषणे खोडली. ‘शुभ्रधवल’ खोडून कुटुंबाचे वाक्य जसेच्या तसे घातले. लाटांचा चरणस्पर्श काढला. गुन्नारला आणि मंत्रविद्येने भांडणाऱ्या दोन शेजाऱ्यांना एकेक परिच्छेद दिला. मग हिमनदीपाशी ‘शाश्वत’च्या रिकाम्या जागी त्या दिवशीचा, त्या वर्षीचा आकडा घालावा, मुलांनी फलकावर लिहिलेला, असे ठरविले. वहीत तो सापडला नाही. तेथे जेवणाचा दर लिहिलेला आहे. कन्येला कळविले, तिने सारी छायाचित्रे चाळून एक पाठविले. त्यात हिमनदी आहे, तळे आहे, आम्ही दोघे आहोत. उजव्या कडेला फलकही आहे, पण त्याच्या अर्ध्याअधिक भागावर माझी छत्री आली आहे, आणि दिसतात ते फक्त सालाचे शेवटचे दोन अंक.